"आपला वाडा हेरिटेज आहे" म्हणजे नक्की कोणाच्या यादीत आहे?

माझ्या मामाचा वाडा कसब्यात, शनिवारवाड्यापासून हाकेच्या अंतरावर. परवा त्यांच्या वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं की आता घाबरायचं कारण नाही, आपण हेरिटेजमध्ये आहोत, आपल्याला कोणी हात लावू शकत नाही. त्यावर सतरा जणांचे अंगठे. मामाने मला फोन केला, "अरे खरं का हे?" मी म्हटलं मामा, थांब, तुम्ही सगळ्यांनी मिळून दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे, आणि गंमत अशी की त्या दोन्हीपैकी एकही तुमच्या वाड्याला वाचवत नाही.

ही खिचडी नुसत्या मामाच्या ग्रुपवर नाही, अख्ख्या पुण्यात आहे. एक असतं संरक्षित स्मारक आणि दुसरी असते महापालिकेच्या हेरिटेज यादीतली ग्रेडवाली वास्तू. आपण दोन्हींना बिनधास्त "हेरिटेज" म्हणतो. पण कायदा वेगळा, मालक वेगळा, परवानगी देणारं ऑफिस वेगळं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नक्की जपायचं काय, तेसुद्धा वेगळं.

सोपं करायला दोन वाडे घ्या. शनिवारवाडा आणि विश्रामबागवाडा. बाजीराव रोडने चालत गेलात तर मध्ये पाव तास पण लागत नाही. शनिवारवाडा पहिल्या बाजीरावाचा, पायाभरणी जानेवारी १७३० मध्ये, १८२८ च्या आगीत आतलं जवळजवळ सगळं जळालं, आज आपण बघतो ते तटबंदी, दरवाजे, जोती आणि कारंजी. विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाचा, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, सुरूदार लाकडी खांब, कोरीव दर्शनी भाग, १८२१ मध्ये इथेच संस्कृत पाठशाळा सुरू झाली जिचं पुढे डेक्कन कॉलेज झालं, नंतर बरीच वर्षं नगरपालिकेचं ऑफिस पण इथेच. दोन्ही पेशव्यांचे, दोन्ही बघायला शाळेच्या सहली येतात. पण शनिवारवाडा केंद्राच्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, ज्याला सगळे एएसआय म्हणतात, आणि विश्रामबाग महापालिकेकडे, पालिकेच्या यादीत ग्रेड एक.

आता एएसआयचं बघू. त्यामागे १९५८ चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा आहे. वास्तू किमान १०० वर्षांची हवी आणि राष्ट्रीय महत्त्वाची हवी. सरकार आधी इरादा जाहीर करतं, हरकतींसाठी दोन महिने देतं, मग अंतिम अधिसूचना निघते. आगाखान पॅलेस १८९२ चा, गांधीजी १९४२ ते १९४४ तिथे कैदेत होते, कस्तुरबा आणि महादेवभाई तिथेच गेले, तरी राष्ट्रीय महत्त्वाचं स्मारक म्हणून त्याची घोषणा व्हायला २००३ उजाडलं. म्हणजे इतिहास एकीकडे आणि शिक्का एकीकडे, दोन्ही एकाच दिवशी येत नाहीत.

पण या कायद्याचा खरा दणका भिंतीच्या बाहेर बसतो. २०१० मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, असं कायद्यातच पक्कं झालं. लक्षात घ्या, मोजायचं ते स्मारकाच्या मधल्या दरवाज्यापासून नाही, संरक्षित हद्द जिथे संपते तिथून, लोक इथेच चुकतात आणि मग आर्किटेक्टशी भांडतात. पहिल्या १०० मीटरमध्ये नवीन बांधकाम नाही. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभं असलेलं घर असेल तर दुरुस्ती, नूतनीकरण करता येतं, तेही परवानगी काढून, पण पाडून पुन्हा बांधणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे कायद्यात स्वच्छ लिहिलंय. पुढच्या २०० मीटरमध्ये बांधता येतं पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या संमतीने. मोडलंत तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हा नियम फक्त गरीब भाडेकरूंना छळतो असं पण नाही हं, वनाज ते रामवाडी मेट्रो नगर रोडने सरळ जाणार होती, आगाखान पॅलेसमुळे ती कल्याणीनगरातून वळवावी लागली.

आता मामाचा वाडा. तो पहिल्या १०० मीटरच्या आत येतो. पण तो स्वतः स्मारक नाही! म्हणजे कायदा सांगतो, तुझ्या जागी नवीन उभारू नकोस कारण शेजारचा शनिवारवाडा महत्त्वाचा आहे, पण तुझा वाडा पडला तर आमचं काही म्हणणं नाही. मामाला मी हेच सांगितलं, तुमच्यावर बंधन आहे, संरक्षण नाही, आणि तुम्ही बंधनालाच संरक्षण समजून बसलात. मामा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "म्हणजे पडला तर मोकळं मैदान?" मी म्हटलं, जवळपास तसंच. शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास अडकलाय हा विषय कसब्याच्या निवडणुकीत दर वेळी का येतो ते यावरून कळेल.

मधेच एक तिसरं खातं सांगून टाकतो नाहीतर कोणीतरी विचारेलच. राज्याचा वेगळा कायदा आहे, १९६० चा, आणि राज्याचं पुरातत्त्व संचालनालय आहे. गंज पेठेतला फुले वाडा त्यांच्याकडे. किल्ल्यांचं पण तसंच, शिवनेरी आणि लोहगड केंद्राकडे, राजगड राज्याकडे, तिन्ही पुणे जिल्ह्यात आणि तिन्ही २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत एकत्र गेले. युनेस्कोचा मान मोठा, पण उद्या गडावर कोणी टपरी टाकली तर पॅरिसहून कोणी येत नाही, इथलाच कायदा आणि इथलाच चौकीदार.

आता दुसरी बाजू, महापालिकेची यादी. ही पुरातत्त्वाच्या कायद्यातून येत नाही, नगररचनेच्या कायद्यातून येते, १९६६ चा एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, आणि त्याखालची विकास नियंत्रण नियमावली. मुंबईने १९९५ मध्ये अशी हेरिटेज नियमावली आणली, देशात पहिली, आणि आता मुंबई सोडून बहुतेक राज्याला २०२० ची एकत्रित नियमावली लागू आहे, तिच्यातही हेरिटेजची तरतूद आहे. यात वयाची १०० वर्षांची अट नाही. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारती १९३०-४० च्या दशकांतल्या आहेत, एएसआयच्या १०० वर्षांच्या मोजपट्टीत त्या अजूनही बसणार नाहीत. इथे बघतात की वास्तूची बांधणी कशी आहे, कोणत्या माणसाशी किंवा घटनेशी नातं आहे, आणि ती गल्लीच्या रूपात काय भर घालते. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात आवडतो कारण पेठेतला एकटा वाडा बऱ्याचदा साधाच असतो, पण ओळीने सहा वाडे, सहा दिंडी दरवाजे, मध्ये एक पार, त्यावर मारुती, हे सगळं मिळून पेठ होते.

ग्रेड एकूण तीन. ग्रेड एक म्हणजे आतबाहेर हात लावायचा तो जतनापुरताच, विश्रामबाग, नाना वाडा, मंडई या रांगेतल्या. ग्रेड दोन म्हणजे बाहेरचा चेहरा सांभाळायचा, आत गरजेपुरते बदल चालतात, नवीन वापर चालतो, वाड्यात कॅफे काढा हवं तर. ग्रेड तीन म्हणजे एवढ्या तोडीची नसली तरी परिसराला शोभा देणारी, त्यात बरेच बदल होऊ शकतात. आणि हे बदल मंजूर करायचे की नाही यावर वारसा समिती आयुक्तांना सल्ला देते. यादी करताना सर्व्हे होतो, जाहीर सूचना निघते, हरकती-सूचना मागवतात, मग शासनाची मंजुरी. ही सूचना पेपरात कुठेतरी आतल्या पानावर बारीक टायपात येते आणि आपण पान उलटतो, मग पाच वर्षांनी म्हणतो आम्हाला कोणी विचारलंच नाही.

इथे मालक बदलत नाही. तुमचा वाडा यादीत गेला म्हणजे सरकारजमा झाला ही अफवा प्रत्येक पेठेत आहे, आणि या अफवेपायीच लोक आपलं नाव यादीतून काढा म्हणून अर्ज करतात. खरं तर केंद्राच्या स्मारकातसुद्धा मालकी खासगी असू शकते. यादीतल्या वाड्याची मालकी तुमची, भाडं तुमचं, पण दुरुस्तीचा खर्चही तुमचाच, आणि रडगाणं इथे सुरू होतं. नियमावलीत हेरिटेज टीडीआर आहे, म्हणजे यादीमुळे जे बांधकाम तुम्हाला करता येत नाही ते हक्क अटींवर दुसरीकडे विकता येतात. कागदावर छान आहे. पण ज्या वाड्यात अकरा भाडेकरू, त्यातले चार महिना चाळीस रुपये देणारे, मालकाच्या सात भावांचा वाद दिवाणी कोर्टात आणि प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव, तिथे टीडीआर घेणार कोण आणि सही करणार कोण?

दोन्हींमधला खरा फरक मला माझ्या एका मित्राच्या सासरवाडीमुळे समजला. त्यांचा वाडा सदाशिव पेठेत, यादीत आहे, ग्रेड तीन. एएसआयच्या कुठल्याच स्मारकाच्या ३०० मीटरमध्ये नाही. शेजारी अकरा मजले उभे राहिले, पायासाठी खोदताना वाड्याच्या मातीच्या भिंतीला तडे गेले, आणि हे सगळं रीतसर परवानगीने. मामाच्या वाड्याला शेजारी टॉवर येणार नाही याची खात्री आहे पण स्वतःच्या कडीपाटाची, म्हणजे लाकडी छताची, नाही, मित्राच्या सासऱ्यांच्या दिंडी दरवाज्याबद्दल समिती विचारणा करते पण शेजारच्या खड्ड्याबद्दल नाही. एका कायद्याने वर्तुळ आखलं आणि दुसऱ्याने फक्त घराला शिक्का मारला. नाना वाड्यासारखी एखादी जागा दोन्हीत सापडते, स्वतः यादीत आणि वर शनिवारवाड्याच्या वर्तुळात, तिथे काम काढायचं तर दोन दारं वाजवायची.

आणि कुठल्याच वर्तुळात, कुठल्याच ग्रेडमध्ये नसलेले शेकडो वाडे आहेत. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठचे कितीतरी गेले, उरलेल्यांना भाडेनियंत्रण आणि पाऊस पुरे आहे. दर मे महिन्यात पालिका धोकादायक इमारतींना नोटिसा लावते, जुलैत एखादी भिंत पडते, ऑगस्टमध्ये पत्रे लागतात. यात एक गोष्ट मात्र मालकांच्या हातात असते आणि ती ते हटकून चुकतात, ती म्हणजे ओल दिसली की सिमेंटचा गिलावा मारतात. जुनी भिंत माती-विटांची, चुन्याची, ती ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, तुळईचं टोक भिंतीत जिथे बसलंय तिथेच कुजतं, आणि चार वर्षांनी मजला खाली. चुन्याचं काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, महाग पडतो, पण यादीत नाव असो नसो, वाडा त्यानेच टिकतो.

भाषेने पण घोळ घातलाय. "स्मारक" म्हटलं की जुनी जपलेली वास्तू पण तेच आणि कोणाच्या आठवणीत नवीन बांधलेली इमारत पण तेच. बुधवार पेठेतला भिडे वाडा घ्या, १८४८ मध्ये जोतिराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली ती जागा. वर्षानुवर्षं कोर्टकचेरी झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये मोडकळीला आलेला वाडा पाडला, कारण तिथे स्मारक करायचंय. हे चूक की बरोबर यावर माझ्याच घरात दोन मतं आहेत, पण जपलं गेलं ते स्थळ, वास्तू नाही, एवढं तरी स्पष्ट बोलायला हवं. लाल महालाचंही तेच, आत्ता दिसतो तो पालिकेने १९८० च्या दशकात बांधलेला. लहान मुलं विचारतात महाराज याच खोलीत राहायचे का, आणि आपण मान डोलावतो.

आणखी एक यादी असते, इंटॅकची. ही वारसा जपण्यासाठी काम करणारी, १९८४ पासूनची बिगरसरकारी संस्था, त्यांचं नोंदीचं काम खरंच चांगलं असतं, पण त्यांच्या नोंदीला कायद्याचं बळ नाही. तिचा उपयोग असा की उद्या पालिकेच्या यादीत नाव घालायचं तर आयता पुरावा मिळतो.

म्हणून कोणी "हेरिटेज" म्हटलं की माझा पहिला प्रश्न, कोणाच्या यादीत? केंद्राच्या, राज्याच्या, पालिकेच्या, की नुसतंच आपल्या मनातल्या? आणि दुसरा, वाडा यादीत आहे की यादीतल्या कशाच्या तरी जवळ आहे? सिटी सर्व्हे नंबर हातात घेऊन पालिकेच्या यादीत बघता येतं, आणि मीटरचं गणित नकाशावर मोजता येतं.

मामाने ते मोजलं. आता तो दोन अर्ज करतोय, एक दुरुस्तीच्या परवानगीचा आणि एक पालिकेच्या यादीत नाव घालण्याचा. ग्रुपवर टाकल्यावर सतरापैकी दोघांनीच अंगठा दाखवला, एकाने विचारलं "यात आपला फायदा काय?" अर्जाला जोडायला चौकाचा, ओसरीचा, तक्तपोशीचा फोटो झालाय, दिंडी दरवाज्याचा राहिलाय कारण त्याच्यासमोर कायम कोणाची ना कोणाची अ‍ॅक्टिवा लावलेली असते. रविवारी पहाटे जाऊन काढायचं ठरलंय.