हीट मॅट डब्याच्या खाली की बाजूला?

डिसेंबरात जळगाव-धुळ्याचा रात्रीचा पारा १० च्या आसपास आला, केळीला चरका बसायला लागला, की टॅरँटुला (मोठे केसाळ कोळी) पाळणारी पोरं हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी पातळ चटई, आणतात अन् सरळ डब्याखाली सरकवून देतात. दर हिवाळ्यात सांगतो, परत सांगतो, खाली नाही, बाजूला.

गेको (पालीचा एक प्रकार) पाळणाऱ्यांना खालची मॅट माहितीच आहे, तो पोट शेकतो, नको झालं की उठून थंड कोपऱ्यात जातो, विषय संपला. टॅरँटुलाचं उलटं. त्याला गरम झालं की तो खाली खणतो, कारण खोल गेलं की थंड लागतं एवढंच त्याला ठाऊक. मे महिन्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्री असताना सातपुड्यातले बिळातले कोळी त्याच्यावरच तगतात. आता मॅट खाली असली तर जितकं खाली जाल तितकं जास्त गरम, अन् ते बिचारं अजूनच खणत बसतं. त्यात वर चार-पाच इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), म्हणजे उष्णता तळाशीच कोंडते. वर चिकटवलेला थर्मामीटर २४ दाखवतो, आपण निवांत, अन् तळाच्या काचेला हात लावला तर चटका. कोकोपीट खालून कोरडंठाक होतं, कोळ्याचं पोट सुरकुततं, मग कोणीतरी म्हणतं उपाशी आहे, झुरळ टाक. अरे उपाशी नाही, तहानलाय तो! आधी पाण्याची वाटी भर.

बाजूला लावायची म्हणजे बाहेरून, एकाच भिंतीला, कोकोपीटच्या पातळीच्या वर. समोरची बाजू थंडच राहू द्या, कुठं बसायचं ते त्याचं तो ठरवेल. थर्मोस्टॅटशिवाय मॅट प्लगमध्ये घालायचीच नाही. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरचं टोक, मॅट अन् काचेच्या मधे टेपनं पक्का करा, लोंबकळत ठेवला तर तो खोलीतली गार हवा मोजत बसतो अन् मॅट तापतच राहते. थर्मामीटर फक्त आकडा सांगतो, थर्मोस्टॅट मॅट बंद करतो, ह्यापेक्षा जास्त त्यात काही नाही. अन् कंबर शेकायचं इलेक्ट्रिक पॅड डब्याला लावणं तर मला बघवत नाही.

मला विचाराल तर मॅटच नको. नेहमी पाळतात त्यातल्या बहुतेक जाती १८-२० डिग्रीत आरामात राहतात, खाणं अन् हालचाल थोडी मंदावते एवढंच. डबा खिडकीपासून काढा, आतल्या खोलीत कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, तिथं हवा जरा गरम असते. तरी पारा फारच उतरत असेल तर ऑइल हीटर लावा, पण खोलीला, डब्याला चिकटवून नाही.