रेणवीय गतिकी सदृशीकरणातील चढउतार आणि अनिश्चितता

अणूंची एकमेकांवरील बले काढायची आणि न्यूटनच्या समीकरणांनुसार प्रत्येक अणू १-२ फेम्टोसेकंदांनी (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) पुढे सरकवायचा. हेच कोट्यवधी वेळा करण्याला रेणवीय गतिकी सदृशीकरण म्हणतात. बर्नी आल्डर आणि थॉमस वेनराइट यांनी १९५७ मध्ये ते टणक गोलांसाठी वापरले. अनीसुर रहमान यांनी १९६४ मध्ये ८६४ अणूंचा द्रवरूप आर्गॉन अभ्यासला. अशा गणनेतून निघणारा तापमान, दाब किंवा ऊर्जेचा आलेख कधीच सपाट नसतो. तो का हलतो आणि त्याच्या सरासरीवर किती विसंबायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची गल्लत फार वेळा होते.

चढउतार हा प्रणालीचा स्वतःचा गुण आहे. थर्मोस्टॅटने, म्हणजे गणनेत तापमान राखणाऱ्या पद्धतीने, ३०० केल्विनला राखलेल्या १,००० मुक्त अणूंच्या प्रणालीत क्षणिक तापमानाचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा ठरावीक फैलाव) सुमारे ७.७ केल्विन येते. एक लाख अणू घेतले की ते ०.७७ वर उतरते. दाब तर याहून उसळता. पाण्याच्या अवघ्या २१६ रेणूंच्या पेटीत तो ५००-६०० बारने वरखाली होतो, त्यामुळे १ बार ठरवलेला असताना एखाद्या क्षणी उणे ४०० बार दिसले तरी गणना बिघडलेली नसते. उलट या हलण्यातच माहिती असते: ऊर्जेच्या चढउतारांवरून उष्माधारिता (तापमान वाढवायला किती उष्णता लागते) मिळते आणि आकारमानाच्या चढउतारांवरून संपीड्यता (दाबाने पदार्थ किती आकसतो). म्हणूनच बेरेंडसेन थर्मोस्टॅटसारखी पद्धत सरासरी तापमान नीट राखत असली, तरी चढउतार दाबून टाकत असल्यामुळे अशा मापनांसाठी ती वापरू नये.

अनिश्चितता ही आपण काढलेल्या सरासरीची असते. गणना लांबवली की चढउतार तेवढाच राहतो, अनिश्चितता मात्र घटते. किती घटते, ही खरी मेख आहे, कारण लागोपाठच्या नोंदी एकमेकींच्या जवळपास नकला असतात. समजा, १०० नॅनोसेकंदांच्या गणनेत दर १० पिकोसेकंदांनी (१,००० पिकोसेकंद म्हणजे १ नॅनोसेकंद) प्रथिनातील एक अंतर नोंदवले, तर १०,००० आकडे मिळतील. त्या अंतराचा सहसंबंध काल, म्हणजे आधीच्या मूल्याचा प्रभाव ओसरायला लागणारा वेळ, ५ नॅनोसेकंद असेल, तर स्वतंत्र नमुने दुप्पट काळाने, म्हणजे दर १० नॅनोसेकंदांनी एक, असे जेमतेम १० धरता येतात. सगळे १०,००० आकडे स्वतंत्र मानून प्रमाण विचलनाला त्यांच्या वर्गमुळाने, म्हणजे १०० ने, भागून काढलेली त्रुटी इथे सुमारे ३२ पट कमी भरते. फ्लिव्हबियर्ग आणि पीटरसन यांनी १९८९ मध्ये मांडलेली खंड-सरासरी पद्धत यावर चांगली चालते: नोंदींचे वाढत्या लांबीचे खंड पाडायचे, खंडांच्या सरासऱ्यांवरून त्रुटी काढायची आणि ती कुठे स्थिरावते ते पाहायचे. ती स्थिरावलीच नाही, तर गणना अपुरी आहे असे समजावे.

प्रथिनाचे एखादे वळण पूर्ण गणनेत एकदाही उघडले नाही, तर खंड-सरासरीलाही त्याचा पत्ता लागत नाही. त्रुटी छोटी दिसते आणि उत्तर चुकते. म्हणून निरनिराळ्या आरंभस्थितींपासून अनेक स्वतंत्र गणना कराव्यात. हे खर्चिक असले तरी टाळू नये. प्रणाली गोंधळी असल्याने आरंभीच्या वेगांतला किंचित फरकही काही पिकोसेकंदांत अणूंचे मार्ग पार वेगळे करतो, त्यामुळे एकेका मार्गाची तुलना व्यर्थ ठरते. तुलना सरासऱ्यांचीच करायची.

बलांच्या सूत्रांतील दोष यातल्या कोणत्याच गणितात येत नाही. टीआयपी३पी या पाण्याच्या प्रतिमानात रेणू खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने इकडेतिकडे पसरतात. गणना दहापट लांबवली, तर तोच चुकीचा आकडा अधिक अचूकपणे हाती येतो.