बिस्किटाचा पुडा ठेवा बाजूला, खाऊ घरीच करूया

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, आम्ही कुत्र्यांचं खाणं विकतो, ट्रीटची पाकिटंपण विकतो, आणि घरी खाऊ कसा करायचा ह्याचा कागद आपणच छापून वाटायचा म्हणजे आपल्याच गल्ल्यावर पाणी, असं आमचा पार्टनर म्हणाला. पण दुकानात वजनकाटा ठेवलाय ना, त्यावरचे आकडे बघून राहवंना. आंघोळीला आलेलं लॅब्रेडॉर, म्हणजे आपलं लॅब, काट्यावर चढवलं की ४० किलो, मालक म्हणतात "खातच नाय हो काय, दोन टाइम जेवण फक्त", आणि मग बोलता बोलता निघतंय की सकाळी आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं, शाळेतनं आल्यावर पोरगं डब्यातली उरलेली चपाती घालतंय, संध्याकाळी वहिनींच्या पायात घुटमळतंय म्हणून एक तुकडा, रात्री दादांच्या ताटातलं काहीतरी. प्रत्येकाला वाटतंय मी एकट्यानंच थोडंसं दिलं. कुत्र्याला मात्र सगळ्यांचं मिळालेलं असतंय.

खाऊ बंद करा असं आम्ही म्हणणार नाही, तुम्ही ऐकणारपण नाही. फक्त तो हलका करा आणि मोजून द्या, एवढंच.

आधी हात लावून बघा

जाड झालंय का हे बघायला काटा लागत नाही. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी मुठीच्या हाडांवरनं फिरवा, मग तो हात सरळ करून पंजाच्या मागच्या बाजूवरनं, मग तळहातावरनं. आता कुत्र्याच्या बरगड्या चाचपा. पंजाच्या मागच्या बाजूसारखं लागलं तर एक नंबर. तळहातासारखं मऊ लागलं, बरगडी शोधायला दाबावं लागलं तर चरबी चढलीय. मुठीच्या हाडांसारखं टोचलं तर बारीक आहे, त्याला खायला घाला. आणि वरनं बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे, उशीसारखं सरळ दिसलं तर समजून घ्या. कारवान कुत्रं पाळणाऱ्यांनी मात्र ह्यात पडू नका, त्या जातीची शेवटची एकदोन बरगडी दिसतेच, तिची ठेवणच तशी आहे, शेजारचे "उपाशी ठेवलंय काय" म्हणतात म्हणून त्याला तूप-चपाती चालू करू नका.

लॅबवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१६ साली केंब्रिजच्या लोकांनी शोधून काढलं की साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, त्यामुळं त्याला भूक जास्त लागते. म्हणजे तुमचं लॅब जेवून पाच मिनिटांत परत तोंड पाडून बसतंय ते नाटक असेलच असं नाही, त्याला खरंच भूक लागत असंल. पण म्हणून घालायचं नाही, आणखी सांभाळून घालायचं. ह्याच लॅब्रेडॉरवर अमेरिकेत एक अभ्यास झाला, ४८ कुत्री, जोड्या लावून, प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, जन्मभर. २००२ ला निकाल छापून आला. कमी खाणारी मधल्या हिशोबानं १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२. जवळपास दोन वर्षांचा फरक, आणि सांधेदुखीपण उशिरा आली.

हिशोब, पण सोपा

जगभर डॉक्टर लोक एकच नियम सांगतात, दिवसाच्या कॅलरीतल्या १० टक्क्यांपेक्षा जास्त खाऊतनं द्यायच्या नाहीत, बाकीच्या ९० टक्के त्याच्या जेवणातनं. आता ५ किलोचं पॉमेरेनियन, नसबंदीचं ऑपरेशन झालेलं, घरातच फिरणारं, त्याला दिवसाला साधारण ३७० कॅलरी लागतात. म्हणजे खाऊला ३७. आणि एका ग्लुकोज बिस्किटात साधारण २५ कॅलरी असतात. दीड बिस्किटात कोटा संपला! चहाबरोबर तीन बिस्किटं म्हणजे पॉमच्या दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा, माणसाच्या भाषेत सांगायचं तर तुम्ही पोटभर जेवून वर रोज साडेतीन-चार चपात्या खाल्ल्यासारखं आहे. ३० किलोच्या लॅबला दिवसाला १४०० च्या आसपास, म्हणजे खाऊ १४० पर्यंत. हे सगळे अंदाजाचे आकडे, रोज पळणारं असंल तर जास्त, सोफ्यावर लोळणारं असंल तर ह्याहून कमी. आणि खाऊच्या कॅलरी जेवणातनं वजा करायच्या, वरनं घालायच्या नाहीत, इथंच सगळे फसतात.

एक युक्ती सांगतो, आमच्या बऱ्याच गिऱ्हाईकांकडं चाललीय. सकाळी एका छोट्या डब्यात दिवसभराचा खाऊ काढून ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी त्यातनंच द्यायचा, डबा रिकामा झाला की त्या दिवसाचा विषय संपला. आजोबांनीपण त्यातनंच. आजोबा थोडे रुसतात पहिले दोन दिवस.

आणि तुकडे बारीक करा हो. कुत्र्याला तुकडा केवढा आहे ते कळत नाही, किती वेळा मिळालं ते कळतंय. एक अख्खं बिस्किट एका घासात गायब होतं, तेवढ्याच आनंदात नखाएवढे दहा तुकडे दहा वेळा देता येतात. बस, थांब, शेकहँड शिकवताना तर नखाएवढाच पाहिजे, नाहीतर पाच मिनिटांत पोट भरून ते झोपायला जातंय.

भाजीच्या पिशवीतनंच

कपिलतीर्थावरनं नाहीतर लक्ष्मीपुरीतनं भाजी आणता त्यातच निम्मा खाऊ आहे. गाजर सगळ्यात भारी, १०० ग्रॅमला ४१ कॅलरी, म्हणजे एका बिस्किटात जेवढ्या तेवढ्या एका अख्ख्या मध्यम गाजरात, आणि गाजराचे दहा-बारा तुकडे होतात. कच्चं चालतं, पण लहान कुत्र्याला गोल चकत्या देऊ नका, घशात बसतात, उभं चिरून बारीक करा. काकडी १५-१६ कॅलरी, जवळजवळ पाणीच, उन्हाळ्यात फ्रिजमधली गार द्या. दुधी वाफवून. श्रावण घेवडा उकडून, मीठ न घालता. दुधी आणि काकडी आधी स्वतः चाखा, कडू लागली तर फेकून द्या, कडू दुधी माणसालापण बाधतो. लाल भोपळा उकडून चमचाभर जेवणावर घातला तर पोट भरल्यासारखं वाटतं, १०० ग्रॅमला २६ कॅलरी फक्त. सफरचंद बिया आणि मधला भाग काढून, कलिंगड बिया आणि साल काढून. केळं, रताळं चालतं पण १०० ग्रॅमला ८५-९० कॅलरी आहेत, दोन चकत्या म्हणजे दोनच चकत्या.

काही जण म्हणतात आमचं गाजर तोंडात घेऊन गालिच्यावर टाकतंय. खरं आहे. कुत्र्याच्या जिभेवर चव कळणारे ठिपके आपल्यापेक्षा खूप कमी, साधारण १७०० धरा, आपल्याला ९०००, पण नाक जबरी. त्यामुळं त्याला वास पाहिजे. गाजराचे तुकडे चिकन उकडलेल्या पाण्यात एक उकळी आणून गार करा आणि मग बघा.

चिकनचे दाणे

पाव किलो बोनलेस ब्रेस्ट, कातडी काढून, नुसत्या पाण्यात उकडायचं. मीठ नाही, हळद नाही, आलं-लसूण पेस्ट तर अजिबात नाही, हात सवयीनं डब्याकडं जातोय, सांभाळा. गार झालं की सुरीनं बारीक करा, १०० तुकडे आरामात पडतात, एकेक साधारण ३ कॅलरीचा. दोन-तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं छोट्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. उरलेलं पाणी टाकू नका, फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीची साय धरते ती काढून टाका आणि खालचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक खडा फरशीवर टाकला की कुत्रं पाच मिनिटं गप, कॅलरी नावाला.

नाचणीची शंकरपाळी

नाव आम्हीच ठेवलंय, तळायची मात्र नाहीत. १५० ग्रॅम नाचणीचं पीठ, १०० ग्रॅम उकडून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं. पाणी घालू नका, भोपळ्यातच पुरतं, हाताला फारच चिकटलं तर चमचाभर पीठ आणखी. नाचणीला गव्हासारखा चिकटपणा नसतो म्हणून अंडं लागतं, घरात अंडं चालत नसंल तर भोपळा थोडा वाढवा, तुकडे जरा भुगा होतात पण कुत्रं तक्रार करत नाही. प्लास्टिकच्या कागदावर पातळ लाटून शंकरपाळीसारखे पण अर्ध्या आकाराचे, साधारण ८० तुकडे पाडा. ओटीजी असंल तर १६० डिग्रीवर २५-३० मिनिटं, नसंल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर, उलटून पालटून, आतनं कोरडे होईपर्यंत. एक तुकडा ७ कॅलरीच्या आसपास. बेकिंग सोडा, गूळ, तूप काही लागत नाही. आपला कोल्हापुरी गूळ जगात भारी, कबूल, पण १०० ग्रॅमला ३८० कॅलरी, आणि "गुळानं रक्त वाढतंय" हे कुत्र्याच्या बाबतीत विसरा.

धान्य कुत्र्याला पचत नाही असं कुठंतरी वाचून लोक विचारायला येतात. लांडग्याला नीट पचत नसंल, कुत्र्याला पचतं. माणसाजवळ राहून राहून त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जीनच्या प्रती वाढल्यात, २०१३ ला स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलंय. तेव्हा नाचणी, ज्वारी चालते, प्रमाणात.

ह्यात काही प्रिझर्व्हेटिव्ह नाही हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात हवाबंद डब्यात आठवडाभर राहतात, पण जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा तुम्हाला माहितीच आहे, कपाटातल्या चपलेलापण बुरशी येते, तेव्हा सरळ फ्रिजमध्ये. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळा डबा टाका, तेवढाच तुकडा मोडून बाकीचे घालू नका. शेंगदाण्याचंपण तेच, खवट किंवा काळपट दाणा कुत्र्याला नको.

आपल्या कोल्हापुरात हे जपा

ह्या भागावर जरा वेळ द्या, कारण खाऊ चुकला तर वजन वाढतं, पण हे चुकलं तर दवाखाना गाठावा लागतो.

कांदा आणि लसूण. कच्चा, शिजवलेला, तळलेला, पावडर, कशातही. त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि आपल्याकडं चटणी म्हटलं की कांदा-लसूण चटणीच, प्रत्येक घरात बरणी भरलेली. म्हणजे तांबडा, पांढरा, सुकं, मिसळीचा कट, भाजीचा रस्सा, सगळं बाद. "चपाती रश्शात बुडवून दिली फक्त, मटण नाही घातलं" हे आम्ही दर बुधवार-रविवारनंतर ऐकतो, आणि त्यात मटणापेक्षा रस्साच वाईट. लक्षणं लगेच दिसत नाहीत, दोन-चार दिवसांनी कुत्रं मरगळतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातपण नसतो. शिजलेली हाडंपण नकोत, त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात, कोंबडीची तर जास्तच. आणि चरबीचे तुकडे, नळीतला मगज असलं भरपूर गेलं तर स्वादुपिंडाला सूज येऊन उलट्या चालू होतात.

द्राक्षं, बेदाणे, मनुके. तासगाव शेजारीच असल्यानं बेदाण्याला आपल्याकडं तोटा नाही, आणि शिऱ्यात, पंचखाद्यात, खिरीत तो असतोच. किती खाल्ला तर चालतो असा आकडा नाही, एखाद्या कुत्र्याला काही होत नाही, एखाद्याची किडनी थोड्याशानंच बंद पडते. २०२१ पासून तज्ज्ञांचा संशय द्राक्षातल्या टार्टरिक ॲसिडवर आहे, आणि तेच चिंचेत भरपूर असतं. म्हणून रंकाळ्यावर फिरायला नेल्यावर भेळेचा कागद चाटायला देऊ नका, त्यात चिंचेचं पाणीपण आणि कांदापण. सत्यनारायणाचा प्रसाद कुत्र्याला दिला नाही तर देव रागवत नाही.

चॉकलेट सगळ्यांना माहिती आहे, जेवढं काळं तेवढं वाईट. शुगर-फ्री च्युइंगम, मिठाई, काही पीनट बटर ह्यात झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ असतो, त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते, जिममधल्या पोरांनी आपल्या पीनट बटरच्या बरणीवरचं लेबल वाचल्याशिवाय चमचा चाटायला देऊ नका. सुकट-बोंबलात मीठ फार. आणि कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध तालमीतल्या पैलवानासाठी आहे, बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, जुलाब होतात, पचलं तरी फॅट किती. दोन चमचे बिनसाखरेचं दही बऱ्याच जणांना सोसतं.

चुकून ह्यातलं काही पोटात गेलं तर वाट बघू नका, काय खाल्लं, किती, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन एवढं सांगून लगेच डॉक्टरांना फोन करा. मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका, त्यानं आणखी बिघडतं.

कुणी आधी विचारायचं

डायबेटिस, किडनी, मुतखडा, स्वादुपिंडाचा त्रास, ॲलर्जी ह्यातलं काही असंल तर ह्या कागदावरचं काहीच डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू करू नका. पिल्लांचं वजन उतरवायचं नसतं, त्यांना वाढू द्या. बाकीच्यांनी नवीन वस्तू एका वेळी एकच, तीन-चार दिवस थोडी थोडी देऊन शी बघा, मग वाढवा.

वजन हळूहळू उतरलं पाहिजे, आठवड्याला एक-दोन टक्के. ४० किलोचं लॅब असंल तर आठवड्याला ४०० ते ८०० ग्रॅम, त्यापेक्षा भराभर नको. दर पंधरा दिवसांनी दुकानात आणून फुकट वजन करा, काही घेतलंच पाहिजे असं नाही, आम्ही वहीत लिहून ठेवतो. सकाळी जेवणाआधी आणलं तर बरं. आणि पट्टा घट्ट धरून आणा, संध्याकाळी आमच्या शेजारी चिकन सिक्स्टी फाइव्हचा गाडा लागतो आणि मागच्या महिन्यात एक बीगल काट्यावर न चढता थेट तिकडंच गेलं होतं.