बर्फ खालून वाढतो

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही शाळेतले पाच जण अमेरिकेत मिनेसोटाला जमतोय. मंदार तिथे वीस वर्षं आहे. त्याच्या ऑफिसातल्या कुणाची तरी तळ्याकाठची केबिन दोन दिवसांसाठी मिळाली आहे, आणि गोठलेल्या तळ्यावर बसून, बर्फाला भोक पाडून, त्यातून गळ सोडून मासे धरायचे असा बेत ठरलाय. तळं मंदारनेही कधी पाहिलेलं नाही. ग्रुपवर आधी जॅकेटांची चर्चा झाली, मग मसाला कोण नेणार याची, आणि मग शुभाने विचारलं, "बर्फ तुटला तर?" दादरहून एकाचं लगेच उत्तर आलं, "अगं, उणे वीस असतं तिथे. तळं तळापर्यंत दगड झालेलं असणार. बिनधास्त चाल."

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. उत्तर वाचलं आणि त्या रात्री वही घेऊन बसले, कारण त्यात दोन चुका आहेत आणि दुसरी जिवावर बेतू शकते.

पहिली चूक दहावीच्या पुस्तकातच सुटते. पाण्याचं असंगत आचरण, होपचं उपकरण. उभ्या भांड्याच्या कंबरेभोवती गोठणमिश्रण (बर्फ आणि मीठ), एक तापमापी वर, एक खाली. खालचा पारा आधी उतरतो आणि 4 अंशांवर येऊन थांबतो, मगच वरचा उतरायला लागतो आणि थेट शून्य गाठतो. एडिंबराच्या थॉमस चार्ल्स होप यांनी हा प्रयोग 1805 मध्ये मांडला. तळं म्हणजे हेच भांडं, फक्त मोठं. शरद ऋतूत वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि बुडतं, खालचं वर येतं, असं करत अख्खं तळं 4 अंशांवर येतं. त्याहून गार झालेलं पाणी हलकं असतं, ते वरच राहतं आणि तिथेच गोठतं. बर्फ तर आणखी हलका, घनमीटरला 917 किलो, म्हणून तो तरंगतो. बाहेर उणे वीस असलं तरी पुरेशा खोल तळ्याच्या तळाशी पाणी 4 अंशांच्या आसपास असतं. मासे जिवंत राहतात ते यामुळेच.

दुसरी चूक अशी: आज हवा किती थंड आहे यावरून बर्फ किती जाड आहे हे कळतं. नाही कळत. बर्फ कसा वाढतो हे समजायला मिनेसोटापर्यंत जायची गरज नाही, मुंबईत ससून डॉकच्या मासळी बंदरावर पहाटे जाऊन बर्फाची लादी नीट बघितली तरी पुरे. यंत्रात चुरा व्हायला जाण्याआधी ती जमिनीवर आडवी असते तेव्हा वाकून बघा. कडेचा बर्फ काचेसारखा, पलीकडची टोपली दिसेल इतका स्वच्छ. मध्ये दुधाळ गाभा, आणि त्या गाभ्याकडे कडेहून सुयांसारखे बारीक बुडबुडे निघालेले. कारखान्यात पाण्याचा पत्र्याचा डबा गार खारवलेल्या पाण्यात उभा करतात, त्यामुळे गोठणं कडेपासून आत सरकत जातं. बर्फाचा स्फटिक स्वतःत हवा आणि क्षार घेत नाही, ते पुढे ढकलतो. ढकलत ढकलत सगळं मधोमध गोळा होतं आणि शेवटी तिथेच अडकतं.

तळ्यात गोठण्याची दिशा फक्त बदलते, वरून खाली. क्षार आणि हवा खालच्या पाण्यात ढकलली जाते, म्हणून तळ्याचा पहिला बर्फ आरपार दिसतो आणि त्यातून खालचं काळं पाणी दिसतं म्हणून तिकडे त्याला काळा बर्फ म्हणतात. असा तळ्यांवरचा बर्फ मुंबईने खाल्लेलाही आहे. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने 1833 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांवरून कापलेला बर्फ भुशात गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही 180 टनांपैकी 100 टनांच्या आसपास शिल्लक होता. पुढे मुंबई आणि मद्रासलाही त्यासाठी बर्फघरं उभी राहिली.

आता माझा आवडता भाग. कागद-पेन्सिल घेतलीत तर बरं.

बर्फाचा थर जाड होतो तो खालच्या बाजूने, पाण्याला लागून. तिथलं पाणी गोठायचं तर त्यातली अप्रकट ऊष्मा बाहेर पडली पाहिजे, ग्रॅममागे 80 कॅलरी, म्हणजे 334 जूल. ती जाणार कुठे? खाली 4 अंशांचं पाणी आहे, ते शून्यापेक्षा उबदार, तिकडे जाऊ शकत नाही. एकच वाट उरते, वर, आधीच तयार झालेल्या बर्फातून. म्हणजे बर्फ स्वतःच्याच अंगावर पांघरूण वाढवत जातो, आणि पांघरूण जितकं जाड तितकी पुढची वाढ मंद.

आकड्यांत बघू. एक चौरस मीटर बर्फ घ्या. त्याला खालून आणखी एक सेंटिमीटरचा थर चढवायचा, म्हणजे सुमारे 9.17 किलो पाणी गोठवायचं. त्यासाठी 3,060 किलोजूल उष्णता वर गेली पाहिजे. बर्फाची उष्णतावाहकता 2.2 वॅट प्रति मीटर प्रति अंश. बर्फाचा वरचा पृष्ठभाग उणे 10, खालचा शून्य. बर्फ 1 सेंटिमीटर जाड असेल तर दर सेकंदाला 2,200 जूल वर निघतात आणि नवा सेंटिमीटर 23 मिनिटांत तयार. 10 सेंटिमीटर जाड असेल तर दर सेकंदाला फक्त 220 जूल, नव्या सेंटिमीटरला जवळजवळ चार तास. 30 सेंटिमीटर असेल तर साडेअकरा तास. थंडी तीच, तळं तेच, पण पहिल्या थरापासूनचा सगळा वेळ जोडला तर दुप्पट जाडीला चौपट वेळ. 1890 च्या सुमारास योसेफ श्टेफान यांनी ध्रुवीय समुद्राच्या नोंदींवरून हाच नियम मांडला. उष्णता प्रारणाच्या धड्यात ज्यांचं नाव येतं तेच हे श्टेफान. शून्याखालचे अंश आणि दिवस यांचा गुणाकार करायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि 3.5 ने गुणायचं: सेंटिमीटरमधली जाडी मिळते. दहा दिवस उणे 10, म्हणजे गुणाकार 100, वर्गमूळ 10, जाडी 35 सेंटिमीटर. आपल्या लादीलाही हेच लागू आहे. 28 सेंटिमीटर जाडीची लादी दोन्ही बाजूंनी 14-14 गोठते, 14 ला 3.5 ने भागून वर्ग केला की गुणाकार 16 भरतो, म्हणजे उणे 10 च्या खारवलेल्या पाण्यात दीड दिवसाहून थोडं जास्त.

पण उघड्या तळ्यावर 35 कधी मिळत नाहीत, बरेचदा त्याच्या निम्मेच मिळतात. एक तर बर्फाचा पृष्ठभाग हवेइतका थंड होतोच असं नाही. आणि दुसरं, मोठं कारण म्हणजे आकाशातून पडणारं हिम. मुंबईत आपण दोन्हीला बर्फच म्हणतो, गोळ्यातल्यालाही आणि मनालीच्या फोटोतल्यालाही, पण इथे फरक करावाच लागतो, म्हणून भुरभुरतं ते हिम. हिमात हवा भरलेली असते, अगदी गोधडीतल्या कापसात असते तशी. जरा दबलेल्या हिमाची उष्णतावाहकता 0.2 धरा, बर्फाच्या अकरावा हिस्सा. 10 सेंटिमीटर बर्फावर 10 सेंटिमीटर हिम पडलं की उष्णतेच्या दृष्टीने वर 110 सेंटिमीटर बर्फ ठेवल्यासारखं झालं. मघाचे 220 जूल आता 18 वर येतात. जो सेंटिमीटर चार तासांत होत होता त्याला आता जवळजवळ दोन दिवस लागतील.

आणि आता त्या 18 जुलांच्या समोर खालून येणारी उष्णता ठेवा. तळाच्या गाळात उन्हाळ्याची ऊब साठलेली असते. कुठे झरा फुटत असतो, कुठे ओढा येऊन मिळतो, आणि वाहतं पाणी सतत थोडी थोडी उष्णता बर्फाच्या खालच्या अंगाला आणून देतं. चौरस मीटरला सेकंदाला 18 जूल खालून आले की हिशोब बरोबरीत सुटला, वाढ बंद. 25 आले की वर उणे 10 असताना बर्फ खालून वितळायला लागला. वरून सगळं तळं सारखंच पांढरं, मऊ, शांत दिसतं. शुभाला मी हेच लिहिलं: जिथे हिम सर्वांत जाड साचलंय तिथे खालचा बर्फ पातळ असण्याची शक्यता जास्त धर.

पातळ म्हणजे किती घातक, तेही वर्गानेच ठरतं. तरंगता बर्फ भार पेलतो तो थोडा वाकून, आणि खालचं पाणी त्याला उचलून धरतं म्हणून. पेलण्याची क्षमता साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. 10 सेंटिमीटर जे पेलतो त्याच्या चौथा हिस्साच 5 सेंटिमीटर पेलणार. मिनेसोटाचं निसर्गसंपदा खातं पायी चालायला नव्या, स्वच्छ बर्फाची किमान 4 इंच जाडी सांगतं, पांढऱ्या बर्फाला त्याच्या दुप्पट. पांढरा बर्फ म्हणजे हिमाच्या ओझ्याने थर दबला, भेगांतून पाणी वर आलं, हिम त्यात भिजलं आणि गोठलं, तो. त्यात बुडबुडे असतात, लादीच्या गाभ्यासारखे. शंभर टक्के सुरक्षित बर्फ असा नसतोच, हेही तेच खातं स्पष्ट सांगतं.

हे सगळं धरून आमच्या बेताला आकार आला. मंदारला त्या तळ्याच्या खोलीचा नकाशा मिळाला. त्यावर ओढा मिळतो ती जागा, पाणी बाहेर पडतं ती जागा आणि दोन काठ जवळ येतात ती चिंचोळी पट्टी अशी तीन ठिकाणं आम्ही लाल केली, तिकडे जायचंच नाही. लाकडी धक्क्याचे खांब आणि वर आलेले खडक ऊन शोषतात, त्यांच्या भोवतालीही नाही. गावातल्या आमिषाच्या दुकानात तो आदल्या दिवशी विचारणार आहे, कारण त्या तळ्यावर या आठवड्यात कोण कुठे बसलं होतं हे तिथे जितकं कळतं तितकं कोणत्याही ॲपवर कळत नाही.

ॲपवरून आठवलं. ग्रुपमध्ये एकाने चंद्रकलेप्रमाणे मासे कधी गळाला लागतील याचं तासवार कोष्टक टाकलं आणि आपल्याच दिवशी "उत्तम" दाखवतंय म्हणून सगळे खूश झाले. अशी कोष्टकं 1926 पासून, जॉन अल्डन नाइट यांच्यापासून चालत आली आहेत. आपल्या कोळीवाड्यात चंद्र बघूनच जाळं टाकतात, पण त्यामागे कारण आहे. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, पाण्याची ओढ जोराची असते, भांगेला, म्हणजे अष्टमीच्या लहान भरतीला, मंद, आणि डोल हे पिशवीसारखं जाळं त्या ओढीवरच चालतं. चंद्र तिथे पाणी खरोखर हलवतो. सुपिरिअरसारख्या महाकाय सरोवरातसुद्धा भरती पाच सेंटिमीटरांच्या आतच राहते. आमच्या तळ्यात ती मोजताही येणार नाही. तिथे कोष्टक पैसे घेऊन विकणं म्हणजे कोळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खऱ्या निरीक्षणाच्या नावावर भलताच माल खपवणं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

मासे कुठे असतील ते प्राणवायू ठरवतो. गार पाण्यात तो जास्त विरघळतो, शून्याला लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅम, 25 अंशांना 8. पण वर झाकण बसलेलं, हिमामुळे खाली उजेड नाही, पाणवनस्पती प्राणवायू करत नाहीत आणि तळाचा कुजका गाळ आहे तो संपवत राहतो. म्हणून हिवाळा सरत येतो तसे उथळ तळ्यांत मासे मरतातही. तोवर मासे थंड रक्ताचे, सुस्त. आमिष लहान हवं आणि हळू हलवायला हवं, असं मंदार म्हणतो.

सामानात एक पहार आणि एक हाताचं गिरमिट. प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन टोकदार खुंट्या, पडलंच तर बर्फात रोवून बाहेर यायला, आणि जॅकेटखाली तरंगता सदरा. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांचे तीन आकडे सगळ्यांनी पाठ केले आहेत: थंड पाण्यात पडल्यावर पहिलं 1 मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग 10 मिनिटं हातपाय ऐकतात तेवढी, आणि शुद्ध हरपायला साधारण 1 तास. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात पाणी गिळलं नाही तर वेळ असतो. ज्या दिशेने आलो तिकडेच वळायचं, कारण तिथल्या बर्फाने आत्तापर्यंत आपल्याला पेललेलं असतं. वर आल्यावर उभं राहायचं नाही, लोळत जायचं.

आणि चालायचं कसं, तेही ठरलं. एका रांगेत, अंतर ठेवून, मंदार पुढे. काठापासून चार पावलांवर हिम बाजूला सारायचं, पहार मारायची, गिरमिटाने पहिलं भोक पाडायचं, टेपचं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून जाडी मोजायची आणि मोठ्याने सांगायची. निसर्गसंपदा खातं दीडशे फुटांवर एकदा मोजायला सांगतं, अनोळखी तळं म्हणून आम्ही तीस पावलांवर मोजणार. आकडे मी वहीत लिहिणार आहे, हिमाची जाडी शेजारच्या रकान्यात. कुठेही 4 इंचांच्या, पांढऱ्या बर्फात 8 इंचांच्या, खाली आकडा आला की आल्या पावली मागे, मग दुपार केबिनमध्ये गेली तरी चालेल. शुभा आता येतेय.