फवारणीच्या पंपापासून पेट्री डिशपर्यंत

धातू आणि गंधक बांधलेल्या रेणूंनी बुरशी नि जिवाणू मारायचे, हा विषय; त्याची सुरुवात शेतातच आहे. वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागांत बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण नवं नाही. एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. जमलं की नाही हे पाहायला त्यात लोखंडी विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी हा उपाय १८८५ साली मांडला. तांबं बुरशी मारतं, हे शेतकऱ्याला तेव्हापासून ठाऊक आहे.

गंधकाची वाट रबराच्या कारखान्यातून आली. तिथल्या डायथायोकार्बामेटचं, म्हणजे धातूला धरून ठेवणाऱ्या गंधकयुक्त रेणूंचं, बुरशीनाशक म्हणून पेटंट १९३४ साली निघालं. आज कृषी केंद्रात मिळणारं एम-४५, म्हणजे मॅन्कोझेब, याच घराण्यातलं. त्यात मँगनीज आणि जस्त गंधकाच्या अणूंना बांधलेले असतात. गावच्या कॉलेजात पोरं ज्यावर प्रबंध लिहितात, तसलं कॉम्प्लेक्स, म्हणजे धातूला रेणू बांधून झालेलं संयुग, बापाच्या पंपात आधीपासूनच होतं!

जिवाणूंकडे हा विषय वळवला जर्मन शास्त्रज्ञ डोमाक यांनी. १९४६ साली त्यांनी थायोसेमिकार्बाझोन ही गंधकयुक्त संयुगं क्षयाच्या जंतूंवर चालतात असं दाखवलं. त्यातलं थायासिटाझोन आपल्याकडेही स्वस्त औषध म्हणून बरीच वर्षं दिलं गेलं. धातू जोडल्यावर असर का वाढतो, याचं नेहमी दिलं जाणारं स्पष्टीकरण ट्वीडी या संशोधकाचं, १९६४ चं: धातूचा भार लिगँडशी, म्हणजे त्याला बांधलेल्या रेणूशी, वाटला जातो, ध्रुवीयता घटते आणि रेणू जिवाणूच्या स्निग्ध पटलातून सहज आत शिरतो.

लहान कॉलेजांना हा विषय परवडतो, कारण सामान साधं लागतं. जपायचं ते कार्बन डायसल्फाइडला; रेणूत गंधक येतं ते त्याच्यातून. ते ४६ अंशांना उकळतं, झटकन पेटतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथवरच जातो. म्हणून आधी बर्फाची सोय, मग बाटलीचं बूच. अमाइन (अमोनियाच्या जातीचं संयुग) आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या गार द्रावणात ते थेंबथेंब सोडायचं. तयार झालेला क्षार मोरचुदाच्या निळ्या पाण्यात पडला की गडद तपकिरी साका बसतो. पहिल्यांदा तो पाहणारी मुलगी परीक्षानळी खाली ठेवत नाही.

चाचणी मात्र घाईत उरकली जाते, आणि हे मला खरंच खुपतं. रसायनात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती, जिवाणू पसरलेलं आगर (थाळीतली जेली), ३७ अंश, रात्रभर. कर्बी-बाउअर यांची ही पद्धत १९६६ ची. पण नुसत्या कॉम्प्लेक्सभोवतीचं, जिवाणू न वाढलेलं वर्तुळ मोजून काय कळणार? जो रेणू आगरात हळू पसरतो त्याचं वर्तुळ लहानच दिसतं. म्हणून त्याच थाळीत एकटा लिगँड हवा, तेवढ्याच तांब्याचं साधं मोरचूद हवं, आणि ज्यात सगळं विरघळवलं ते डीएमएसओ नावाचं द्रावकही हवं.