जुनी डिझेल गाडी ओढत नाही? टर्बो बदलण्याआधी हे वाचा

पुण्याहून येताना खंबाटकीत जी गाडी पूर्वी चौथ्यावर चढायची, ती आता तिसऱ्यावरही दमते. ओव्हरटेक करताना पाय दाबला की नुसता आवाज वाढतो. अशी तक्रार घेऊन आमच्या साताऱ्याच्या गॅरेजमध्ये येतात त्या बहुतेक आठ-दहा वर्षं उलटलेल्या स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, स्कॉर्पिओ. आणि ‘टर्बो गेला’ हे कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं.

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, जातोही. पण तो महागाचा पार्ट आहे, आणि नवा बसवूनही गाडी तशीच राहिली तर तो कुणी परत घेत नाही. म्हणून आम्ही आधी हवेची लाइन बघतो, मग व्हॅक्यूम (हवा ओढून घेणारी लाइन), मग डिझेल. टर्बोला हात सगळ्यात शेवटी.

गॅरेजला येण्याआधी

चढावर आरपीएमचा काटा वर जातो आणि स्पीड मात्र तिथेच राहतो, असं होत असेल तर दोष इंजिनात नाही, क्लच प्लेट घसरते आहे. टर्बोच्या नावाने आलेल्या अशा गाड्या आम्ही नेहमी बघतो. चालवून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल, तर ब्रेक धरून राहतोय.

गाडी अचानक मंदावते, फार आरपीएम घेत नाही, पण बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक चालते? हा लिंप मोड. कॉम्प्युटरला काहीतरी खटकलं आणि इंजिन वाचवायला त्याने ताकद कमी केली. चेक इंजिनचा दिवा लागला होता का, तेवढं लक्षात ठेवा.

धूर काळा असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. निळसर असेल तर ऑइल जळतंय. आणि हो, १.३ लिटरचं डिझेल इंजिन २००० आरपीएमच्या खाली मुळातच मठ्ठ असतं. नवी असतानाही ती गाडी तशीच होती, त्यावर आमच्याकडे औषध नाही.

होज पाईप

टर्बोने दाबलेली हवा ती गार करणाऱ्या इंटरकूलरमार्गे इंजिनात जाते ती रबरी होजमधून. वर्षानुवर्षं उष्णता आणि ऑइलची वाफ खाऊन हे रबर फुगतं, मऊ पडतं, आणि चीर पडते ती नेमकी खालच्या बाजूला, वरून न दिसणारी. उभ्या गाडीत चीर मिटलेली असते. लोड आला, आत दाब वाढला की तोंड उघडतं आणि हवा बाहेर. अशा वेळी फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज येतो, मागे काळा धूर निघतो. पंक्चर ट्यूबमध्ये पंप मारत राहावं तसं टर्बोचं होतं: तो जास्त फिरतो, आणि या ताणाने चांगला टर्बोही खराब होऊ शकतो.

आम्ही पूर्ण लाइन फडक्याने पुसतो, यवतेश्वरच्या चढावर एक फेरी मारतो आणि परत बघतो. जिथे ताजा ऑइलचा डाग आणि त्याला चिकटलेली धूळ, तिथे गळती. कधी चीरही नसते, क्लिपच ढिली असते. फाटलेल्या होजवर टेप गुंडाळून देत नाही. पहिल्याच घाटात ती सुटते.

व्हॅक्यूम आणि स्कॅनर

बऱ्याच गाड्यांत टर्बोचा दाब कमी-जास्त करणारा ॲक्च्युएटर व्हॅक्यूमवर चालतो. त्याची नळी पेन्सिलइतकी बारीक. ती कडक होऊन तडकते, नाहीतर पावसाळ्यात उंदीर कुरतडतात. नळी स्वस्त असते, पण न तपासता टर्बो उतरवला तर बिल मोठं होतं.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०२९९ कोड आला म्हणून घाबरू नका. हवेचा दाब हवा तेवढा होत नाही, एवढंच तो सांगतो. का होत नाही, ते शोधायचं काम उरतंच. आम्ही कोडपेक्षा चालत्या गाडीतले आकडे बघतो. इंजिन बंद, किल्ली ऑन असताना प्रेशर सेन्सरने साधी बाहेरची हवा दाखवायला हवी. साताऱ्याच्या उंचीवर हा आकडा ९३० मिलीबारच्या आसपास येतो. तो भलताच असेल तर आधी सेन्सर बघायचा. मग चढावर कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि मिळालेला दाब यांत फरक किती, ते बघतो.

दाब बरोबर असूनही ओढ नसेल तर डिझेल फिल्टर, रेल प्रेशर (इंजेक्टरपर्यंत पोचणाऱ्या डिझेलचा दाब), आणि डिझेल फवारणारे इंजेक्टर. उघडा अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि चोंदलेला एअर फिल्टर त्याआधीच तपासून झालेले असतात.

टर्बोच खराब निघाला तर

पाईपच्या आत ऑइलचा पातळ थर दिसला म्हणजे टर्बो गेला असं नाही, तेवढं चालतं. शाफ्टला बाजूला किंचित हालचालही चालते. पण पुढे-मागे प्ले (ढिलाई) लागला, किंवा पंख्याची पाती भोवतीच्या कव्हरला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर बदलायलाच हवा.

अर्टिगाच्या ९० हॉर्सपॉवरच्या इंजिनात किंवा एमहॉक इंजिनाच्या स्कॉर्पिओत पाती हलणारा टर्बो असतो, व्हीजीटी. कायम गावातच हळू चालणाऱ्या गाडीत ही पाती काजळीने अडकतात. साफ करून चालत असेल तर आम्ही साफच करतो.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तो ऑइलच्या पातळ थरावर. ऑइल बदलायला उशीर झाला की कार्बन धरतो आणि टर्बोला ऑइल देणारी नळी चोंदते. ती नळी न बदलता नवा टर्बो बसवला तर तोही जातो. म्हणून टर्बोबरोबर ही नळी, ऑइल आणि फिल्टर बदलणं आमच्याकडे ऐच्छिक नाही.

टर्बोचं सील पूर्ण गेलं तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत पळत सुटू शकतं, किल्ली काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गियर टाका आणि क्लच सोडा, इंजिन बंद पडेल. बॉनेट उघडून आत हात घालू नका.

येताना

शेवटच्या ऑइल बदलाचं बिल आणा, टाकीत चढावरच्या फेरीपुरतं डिझेल ठेवा. रोज गाडी चालवणाराच सोबत आला तर उत्तम, दोष नेमका केव्हा दिसतो ते त्यालाच ठाऊक असतं. काढलेला प्रत्येक पार्ट आम्ही डिकीत ठेवून देतो. चेक इंजिनचा दिवा घालवायला बॅटरीची वायर मात्र काढू नका. कोडची नोंद पुसली जाऊ शकते, आणि मग दोष परत दिसेपर्यंत गाडी आमच्याकडेच थांबते.