मध्यरात्रीची सहा मतं

५ नोव्हेंबर २०२४. बाराचा ठोका पडला आणि अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याच्या उत्तर टोकाला, डिक्सव्हिल नॉच नावाच्या डोंगरातल्या वस्तीत सहा जणांनी मतदान केलं. आधी अकॉर्डियनवर राष्ट्रगीत झालं. मग मतं पेटीत पडली, लगेच मोजली गेली आणि निकालही लागला: कमला हॅरिस ३, डोनाल्ड ट्रम्प ३. बाकीच्या देशात मतदान सुरू व्हायला अजून काही तास होते.

यादीतल्या प्रत्येकाचं मत पडलं की केंद्र बंद करून मोजणी करायला या राज्याचा कायदा परवानगी देतो. डिक्सव्हिलमध्ये ही प्रथा १९६०पासूनची. त्याच राज्यातल्या हार्ट्स लोकेशन या गावात ती त्याहून जुनी, १९४८ची. तिथल्या रेल्वे कामगारांना भल्या पहाटे कामावर हजर व्हावं लागे, म्हणून त्यांनी मतदान रात्रीच उरकायचं ठरवलं.

दर चार वर्षांनी या चिमूटभर मतांमध्ये देशाचा कल शोधला जातो. तो तिथे सापडत नाही. का सापडत नाही, ते घरबसल्या करून बघा. सहा नाणी एकदम उडवा. छापा-काट्याच्या ६४ शक्यतांपैकी २० मध्ये तीन-तीन अशी बरोबरी होते, म्हणजे जवळजवळ दर तिसऱ्या वेळी. आता पाचच नाणी घ्या. पाचही छापे किंवा पाचही काटे पडण्याची शक्यता सोळात एक. २०२०मध्ये डिक्सव्हिलची पाचही मतं जो बायडन यांना पडली. असा एकतर्फी निकाल पाच नाणीसुद्धा अधूनमधून देतात. संख्या जितकी लहान तितके तिचे हेलकावे मोठे. संख्याशास्त्रातला हा अगदी पायाचा नियम आहे आणि बातम्या वाचताना तोच आपण सर्वांत आधी विसरतो.

जुने निकाल बघितले तरी हेच दिसतं. १९६०मध्ये निक्सन ९, केनेडी ०. देशात जिंकले केनेडी. १९६८मध्ये हम्फ्री ८, निक्सन ४, जिंकले निक्सन. २००८मध्ये ओबामा १५, मॅक्केन ६, आणि या वेळी अंदाज जुळला. २०१२मध्ये ५-५. २०१६मध्ये इथे क्लिंटन यांना ४ आणि ट्रम्प यांना २ मतं, तर शेजारच्या मिल्सफील्डमध्ये ट्रम्प १६ आणि क्लिंटन ४. डोंगर तोच, हवा तीच, निकाल मात्र उलटा.

मतदाराने यादीत नोंदवलेल्या आपल्या पक्षावरून अंदाज बांधावा, तर तोही फसतो. जानेवारी २०२४मध्ये उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत डिक्सव्हिलचे चार मतदार रिपब्लिकन म्हणून नोंदलेले होते आणि दोघांनी कोणताच पक्ष नोंदवला नव्हता. सहाही मतं ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षातल्या प्रतिस्पर्धी निकी हेली यांना गेली, ट्रम्प यांना एकही नाही. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प यांना तीन मिळाली.

मला मात्र यातला दुसरा आकडा जास्त मोलाचा वाटतो: शंभर टक्के मतदान. २०२०च्या अध्यक्षीय निवडणुकीत अमेरिकेत पात्र मतदारांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी मत दिलं, आणि तो १९००नंतरचा उच्चांक होता. डिक्सव्हिलमध्ये सगळेच्या सगळे येतात, कारण एक जण जरी आला नाही तरी सगळ्यांना दिसतं आणि मध्यरात्रीचा बेतच फिसकटतो.

दिसण्याची ही ताकद मोजलीही गेली आहे. ऑगस्ट २००६मध्ये मिशिगन राज्यात अॅलन गर्बर, डोनाल्ड ग्रीन आणि ख्रिस्तोफर लॅरिमर या राज्यशास्त्रज्ञांनी सुमारे १,८०,००० कुटुंबांवर एक प्रयोग केला. कोणाला कुठलं पत्र जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. अमेरिकेत तुम्ही कोणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण दिलं की नाही याची नोंद सार्वजनिक असते. काही घरांना गेलेल्या पत्रात तुमची आणि शेजाऱ्यांची नावं, मागच्या निवडणुकांत कोणी मत दिलं, आणि या वेळच्या मतदानासाठी एक रिकामा रकाना. निवडणुकीनंतर तो भरून पुन्हा सगळ्यांना पाठवू, असंही त्यात लिहिलेलं. पत्र न मिळालेल्यांत मतदान झालं २९.७ टक्के, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८. मतदान हे कर्तव्य आहे एवढंच सांगणाऱ्या पत्राने दोन टक्क्यांचीही भर घातली नाही. एका कागदाने आठ टक्के वाढ ही या विषयात फार मोठी गोष्ट आहे. कारण एका मताने निकाल क्वचितच बदलतो. तरी माणूस रांगेत उभा राहतो तो बऱ्याच अंशी आपल्या माणसांच्या नजरेसाठी.

हीच नजर लहान गावात एक पाऊल पुढे जाते, आणि तिथे मला काळजी वाटते. आपल्याकडेही केंद्रनिहाय आकडे आले की कोणत्या बूथने कोणाला किती लीड दिलं, हे गावात लगेच कळतं. पण हजारभर मतांच्या गठ्ठ्यात एकटा माणूस झाकला जातो. पाचच मतं असतील आणि पाचही एकाच नावावर पडली, तर मतपत्रिकेवर सही नसली तरी प्रत्येकाचं मत उघडं पडतं. २०२०च्या त्या रात्री डिक्सव्हिलमध्ये नेमकं हेच झालं.